माळवदाच्या घरात मिळालेले इंद्रजाल व अमर चित्र कथेचे अंक आणि शाईने काढलेली चार मूळ पाने : ओळख, किंमत व विक्रीबद्दल मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न : पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांना नमस्कार. आमचे गावाकडचे माळवदाचे जुने घर उतरवायला काढले आहे. वरच्या खोलीतल्या दोन लोखंडी ट्रंकांमध्ये वडिलांनी आणि धाकट्या काकांनी जमवलेले चित्रकथांचे अंक मिळाले. त्यांत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे दीडशेच्या आसपास, अमर चित्र कथेचे मराठी व इंग्रजी मिळून साठेक आणि चांदोबाचे थोडे अंक आहेत. इंद्रजालचे बरेच अंक सुटे आहेत, मात्र काही वडिलांनी एकत्र शिवून, कडा कापून, पुठ्ठ्याच्या बांधणीत घातलेले आहेत. काही अंकांवर परभणीतल्या एका भाडेतत्त्वावरील वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे. ते वाचनालय आम्ही शाळेत असतानाच बंद झाले होते. काही अंकांचे क्रमांक सलग आहेत आणि काहींवर खंड व अंक असे दोन आकडे आहेत, त्यामुळे या दोन वेगळ्या मालिका आहेत की काय, हेही मला कळेनासे झाले आहे.

खरा पेच पुढेच आहे. दुसऱ्या ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार मोठी पाने निघाली. जाड ड्रॉइंगच्या कागदावर काळ्या शाईने काढलेली ती एका पौराणिक कथेची पाने आहेत. चौकटी आखलेल्या आहेत, काही ठिकाणी पांढरा रंग लावून रेषा दुरुस्त केल्या आहेत, शाईच्या खाली फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेषा दिसतात आणि संवादांचा मजकूर वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेला आहे. त्यातल्या दोन पट्ट्या डिंक सुटून गळून पडल्या आहेत. सही कुठेही नाही. पाठीमागे पेन्सिलीने पानाचा क्रमांक आणि आणखी एक आकडा लिहिलेला आहे. काका मुंबईत एका छापखान्यात ब्लॉक, म्हणजे चित्रे छापण्याचे ठसे, तयार करण्याच्या खात्यात नोकरीला होते. ते आता हयात नाहीत, त्यामुळे ही पाने त्यांच्याकडे कशी आली, हे विचारायला कोणी उरलेले नाही.

जुनी पुस्तके घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने सगळ्याचे मिळून १५,००० रुपये उक्ते देऊ केले असून चार पानेही त्यातच द्यावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. घर उतरवण्याची घाई असल्यामुळे भाऊ ‘देऊन मोकळे होऊ’ म्हणतो. माझे मन होत नाही. ही किंमत रास्त आहे का, बांधलेले अंक सोडवून सुटे विकावेत का, ही पाने खरोखर मूळ आहेत का आणि असल्यास ती विकण्याचा हक्क आम्हाला आहे का, याबद्दल जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.


उत्तर : जुनी पाने (छत्रपती संभाजीनगर)

ताई, आधी व्यापाऱ्यांना नम्रपणे थांबायला सांगा. पंधरा हजार थोडे की फार, हे आज मी सांगू शकत नाही आणि यादी न पाहता कोणालाच सांगता येणार नाही. ज्या मालाची यादी विकणाऱ्याकडे नाही, त्याची किंमत घेणाराच ठरवतो. उक्त्या व्यवहारातली गोम तिथेच असते. चार पाने मात्र या व्यवहारातून आजच वेगळी काढा. तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा अधिक माहीतगार मंडळी येथे आहेत, ती बोलतीलच.

इंद्रजालच्या क्रमांकांचा उलगडा सोपा आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. सलग क्रमांक ४४३ पर्यंत गेले आणि त्यानंतर खंड २०, अंक १ अशी नवी पद्धत आली. म्हणजे तुमच्याकडे एकाच मालिकेचे आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही काळांतले अंक आहेत. सुरुवातीचे अंक केवळ वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे, होते. पुढे जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला व गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला बहादूर आला. यादी करताना क्रमांक, वर्ष, छापील किंमत, नायक आणि कथेचे नाव एवढे लिहा आणि त्यापुढे अंकाची अवस्था नोंदवा.

अवस्था कशी पाहायची, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण अर्धी किंमत तिथेच ठरते. अंक सपाट टेबलावर ठेवून आधी मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ पाहावे. कणा चिरला आहे का, पिनांना गंज चढून त्याचा तपकिरी डाग कागदात उतरला आहे का, कोपरे गोल झाले आहेत का, हे पाहावे. नंतर मधल्या जोडपानापाशी हलक्या हाताने उघडावे. पिनांपासून सुटलेले मधले जोडपान हरवणे हा या अंकांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज नजरेआड होणारा दोष आहे. कथा अचानक उडी मारते, तेव्हाच तो लक्षात येतो. म्हणून पानांचे आकडे एकेक करून मोजा. मुलांनी शाळेच्या वहीत चिकटवण्यासाठी कापलेली चित्रे, भरलेले कूपन, पेनाने रंगवलेल्या मिशा, मलपृष्ठावर लिहिलेला हिशेब, असे सगळे प्रामाणिकपणे नोंदवा. घेणारा नंतर शोधून काढणारच असतो आणि विक्रेत्याने आधी सांगितलेला दोष तो सहसा मान्य करतो.

वाचनालयाच्या शिक्क्यामुळे किंमत काहीशी उतरते, पण तो खोडण्याचा प्रयत्न अजिबात करू नका. खोडलेल्या शिक्क्याची जागा विरते आणि अंक दुप्पट खराब होतो. शिवाय परभणी, जालना, बीड, नांदेड या गावांत मराठी इंद्रजाल मुख्यतः अशा भाड्याच्या वाचनालयांतूनच वाचला गेला आणि मला स्वतःला तो शिक्का अंकाचा इतिहास वाटतो. मात्र शिक्का सार्वजनिक किंवा शालेय ग्रंथालयाचा असेल, तर त्यावर ‘बाद’ असा दुसरा शिक्का आहे का, हे जरूर पाहा. नसेल तर तो अंक विकू नये, त्या संस्थेला विचारावे.

बांधलेले अंक सोडवू नका. कडा कापल्या गेल्या त्याच दिवशी संग्राहकाच्या दृष्टीने त्यांची किंमत कमी झाली. कापलेला कागद आता परत येणार नाही. शिलाई उसवताना कण्याकडची पाने फाटतात, म्हणजे जुन्या दोषात नव्याची भर. बांधीव खंड बांधीव म्हणूनच विकावा. वाचनासाठी असेच खंड शोधणारे पुष्कळ लोक आहेत.

परदेशातले आकडे वाचून काही जणांचा गैरसमज होतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. जून १९३८ च्या अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना गेली. सुपरमॅन त्यात प्रथम आला आणि चांगल्या अवस्थेतल्या फारच थोड्या प्रती उरल्या, म्हणून ती किंमत आली. याउलट १९९१ च्या एक्स-मेन मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या, लोकांनी त्या पुढे महाग होतील म्हणून जपून ठेवल्या आणि आज तो अंक कवडीमोलाने मिळतो. केवळ जुनेपणाला किंमत नसते. किती उरले आणि किती जणांना हवे आहे, याला असते. तुमच्या साठ्यात साठच्या दशकातले मराठी अंक असतील तर ते आधी पाहा. ऐंशीच्या दशकातले अंक मी अनेकांकडे गठ्ठ्यांनी पाहिले आहेत, पण सुरुवातीचे मराठी अंक मला आपल्या भागात क्वचितच दिसले.

किंमत काढताना विक्रीसाठी लावलेला भाव धरू नका, प्रत्यक्ष झालेल्या व्यवहाराचा भाव धरा. संकेतस्थळांवर कोणीही कितीही आकडा लावतो आणि तो अंक वर्षानुवर्षे तिथेच पडून राहतो. अमेरिकेत सीजीसी ही संस्था २००० पासून अंकांना ०.५ ते १० असे गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करून देते. मराठी अंकांसाठी तो खर्च करण्याचे मला तरी प्रयोजन दिसत नाही. चांगल्या प्रकाशात काढलेली मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि मधल्या पानाची छायाचित्रे पुरेशी आहेत.


उत्तर : रेष आणि शाई (लातूर)

मी चित्रकला शिकवतो आणि छपाईसाठी काढलेल्या मूळ चित्रांचा अभ्यास हा माझा बऱ्याच वर्षांचा विषय आहे. ताईंनी पानांचे वर्णन इतके नेमके केले आहे की ती मूळ असण्याची शक्यता मला दाट वाटते. तरीही पारखून घ्यावे.

निळी पेन्सिल ही पहिली खूण आहे. छपाईच्या कॅमेऱ्यातील फिल्मवर फिकट निळा रंग उमटत नसे, म्हणून चित्रकार कच्चे रेखाटन निळ्या पेन्सिलीने करून त्यावर शाई चढवत. ते खोडण्याची गरज पडत नसे. पांढऱ्या रंगाची दुरुस्ती आणि चिकटवलेले संवाद यांचेही कारण तेच. कॅमेऱ्याला केवळ काळे आणि पांढरे कळत असे, त्यामुळे डोळ्यांना जोड दिसली तरी छापात दिसत नसे. पान काळे-पांढरे असल्याने ते अपुरे आहे, असे समजू नका. रंग बहुधा वेगळ्या प्रतीवर दिले जात आणि शाईचे पान रेषांपुरतेच असे.

आता खोलीत अंधार करून, टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरून पाहा. हाताने भरलेल्या काळ्या भागात कुंचल्याचे फटकारे दिसतात, शाई काही ठिकाणी दाट आणि काही ठिकाणी पातळ असते, पांढरा रंग कागदावर किंचित उंच बसलेला असतो आणि त्याची कड बोटाला न लावताही नजरेला जाणवते. छापील काळा सर्वत्र सारखा आणि सपाट असतो. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील पान आहे. कागद छायाचित्राच्या कागदासारखा चकचकीत असेल तर ती ब्रोमाइड प्रत असू शकते. छापखान्यांत अशा प्रती सर्रास निघत आणि ब्लॉकच्या खात्यातल्या माणसाकडे त्या सापडणे स्वाभाविक आहे.

यानंतरची तपासणी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. त्या कथेचा छापील अंक शोधा. मूळ पान छापील आकारापेक्षा मोठे काढण्याची पद्धत होती, त्यामुळे आकार वेगळा असेल, पण बाहेरच्या चौकटीच्या लांबी-रुंदीचे प्रमाण दोन्हींत सारखेच असले पाहिजे. ते मोजा. पाठीमागचा दुसरा आकडा हा लहान करण्याचे प्रमाण किंवा छपाईच्या मापाची सूचना असू शकतो. छापील पानाचे माप घेऊन तो पडताळता येईल. मग दुरुस्तीच्या जागा पाहा. मूळ पानावर पांढऱ्या रंगाखाली जी जुनी रेष अंधूक दिसते, ती छापील पानावर नसते. छापील अंक पाहून कोणी नक्कल केली, तर त्याला ही खालची रेष माहीतच नसते. टॉर्चच्या तिरप्या उजेडात अशी एक जरी जागा सापडली, तरी त्या पानाबद्दल माझी खात्री पटते.

अमर चित्र कथेची मालिका अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे सुरू केली. राम वाईरकर, आपल्या पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा चित्रकारांनी तिची पाने काढली. आतल्या प्रत्येक पानावर सही करण्याची पद्धत नव्हती, म्हणून सही नसणे हा संशयाचा मुद्दा होऊ शकत नाही. पण सही नाही म्हणून एखाद्या नामांकित चित्रकाराचे नाव अंदाजाने लावणेही योग्य नाही. छापील अंकाच्या आरंभी श्रेयनामावली असते. पान अंकाशी जुळले तर नाव त्या आधारावरच लिहावे. ‘चित्रकार अज्ञात’ असे लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही.

येथेच आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण इंद्रजालची ‘मूळ पाने’ म्हणून काही चित्रे अधूनमधून विक्रीला येताना दिसतात. वेताळ आणि मँड्रेक ही ली फॉक यांची पात्रे अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत चालत आणि तिथली चित्रे छापण्यासाठी प्रतींच्या रूपाने भारतात येत. शाईचे मूळ पान येत नसे. भारतात तयार झाली ती मुखपृष्ठे आणि बहादूरसारख्या इथल्या मालिकांची पाने. तेव्हा कोणी इंद्रजालमधल्या वेताळाचे आतले मूळ पान मुंबईच्या कार्यालयातून मिळाल्याचे सांगत असेल, तर फार बारकाईने चौकशी करावी.

गळून पडलेल्या दोन पट्ट्या फेकू नका आणि पुन्हा चिकटवूही नका. पाकिटात घालून, त्या कोणत्या चौकटीच्या आहेत हे पाकिटावर लिहून, पानासोबत ठेवा.


उत्तर : शिलाई आणि बांधणी (अंबाजोगाई)

ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची डागडुजी करण्याचे काम मी करतो, म्हणून केवळ जतनापुरते लिहितो.

हे अंक स्वस्त कागदावर छापलेले असतात. लाकडाच्या लगद्यातला लिग्निन त्या कागदात तसाच राहिलेला असतो, त्यामुळे हवा आणि उजेड लागून कागद आंबटतो, पिवळा पडतो आणि शेवटी घडीवर मोडतो. ही क्रिया थांबवता येत नाही, पण ती मंदावता येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि पुढच्याच महिन्यात हवा ओलसर होते. कागदाला सर्वांत जास्त त्रास या चढउताराचा होतो. पत्र्याच्या छताखालची खोली, बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेले कपाट या जागा टाळा. घरातली मधली, कमीत कमी तापणारी खोली निवडा आणि खोके जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, कारण माळवदाच्या घरातून आलेल्या सामानासोबत वाळवी येण्याची शक्यता असते.

अंक उन्हात वाळत घालू नका. आपल्याकडे धान्य, पापड, पुस्तके सगळेच अंगणात पसरण्याची सवय आहे, पण उन्हाने रंग उडतो आणि कागद आणखी ठिसूळ होतो. ओलसर वाटल्यास सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, पाने अधूनमधून उलटत ठेवा. माती मऊ, कोरड्या कुंचल्याने कण्याकडून बाहेर झाडा. कसर लागलेले अंक बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळे करा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागू देऊ नका.

सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन या तिन्हींचा मोह आवरा. विशेषतः ती चार पाने कोणी लॅमिनेट करून फ्रेम करा म्हणाले, तर अजिबात ऐकू नका. ते परत सोडवता येत नाही. पूर्वी लावलेला सेलोटेप ओढून काढू नका, त्यासोबत छपाईचा थर निघतो. अंकांसाठी पॉलिप्रोपिलीनच्या किंवा त्याहून चांगल्या पॉलिएस्टरच्या, म्हणजे मायलरच्या पिशव्या घ्या आणि पाठीला आम्लरहित पुठ्ठा द्या. पीव्हीसीच्या चिकट वास येणाऱ्या पिशव्या नकोत. चार पाने गुंडाळलेले वर्तमानपत्र बाजूला काढा, पण फेकू नका. त्यावरच्या तारखेवरून पाने केव्हापासून तिथे आहेत, याचा अंदाज येऊ शकतो.

‘जुनी पाने’ यांच्याशी एका बाबतीत माझे दुमत आहे. बांधीव खंडांची शिलाई कुजली असेल आणि पाने आपोआप सुटत असतील, तर खंड तसाच ठेवणे अंकांना अपायकारक आहे. अशा वेळी जाणकार बांधणीकाराकडून धागा कापून घ्यावा. किमतीसाठी मी हे सुचवत नाही, उरलेला कागद वाचावा म्हणून सुचवतो.


उत्तर : जमाखर्च (नांदेड)

हक्क आणि कर यांबाबत थोडक्यात लिहितो. प्रत्यक्ष व्यवहाराआधी आपल्या सल्लागाराशी बोलावे.

कागदाची मालकी आणि चित्राचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) हे कायद्याच्या दृष्टीने वेगळे आहेत. पाने आपली ठरली, तरी ती छापण्याचा, त्यांची पोस्टर काढण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. भारतात हा हक्क चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून पूर्ण पाने मोठ्या आकारात सर्वत्र टाकू नका, ओळखीपुरता लहान भाग दाखवा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५३अ फार थोड्यांना माहीत आहे. चित्रकार जर त्या चित्राच्या स्वामित्वहक्काचा पहिला मालक असेल आणि मूळ चित्र पुन्हा विकताना किंमत १०,००० रुपयांपेक्षा अधिक येत असेल, तर त्याला किंवा त्याच्या कायदेशीर वारसांना त्या रकमेत वाटा मागण्याचा हक्क आहे. हा वाटा जास्तीत जास्त १० टक्के असू शकतो. चित्रकार प्रकाशकाकडे पगारी नोकरीत होता की पानागणिक मोबदला घेत होता, यावर पहिला मालक कोण हे ठरण्याची शक्यता असते.

पानांची मालकी हा त्याहून नाजूक प्रश्न आहे. काकांना ती भेट मिळाली असतील, टाकाऊ म्हणून नेऊ दिली असतील किंवा नुसती त्यांच्याकडे राहिली असतील. हा पेच जगभर आहे. अमेरिकेत जॅक कर्बी यांना त्यांनीच काढलेली पाने परत मिळवण्यासाठी मार्व्हल कंपनीशी बराच काळ झगडावे लागले आणि १९८७ मध्ये त्यांतली काही पाने परत मिळाली. टिनटिन या चित्रकथेचे जनक एर्जे यांनी १९३६ मध्ये काढलेले तिच्या एका पुस्तकाचे मुखपृष्ठ २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ३२ लाख युरोंना गेले. ते प्रकाशकाच्या लहान मुलाला भेट मिळाले होते आणि घडी घालून खणात पडून होते, असे सांगितले गेले. पण ती खरोखर भेट होती का, यावरही वाद झालाच. म्हणून काकांचे नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी, छायाचित्रे, सहकाऱ्यांची पत्रे असे जे काही सापडेल ते जपा आणि आज जे जसे मिळाले, ते तारीख घालून लिहून दोघा बहीणभावांनी सही करून ठेवा. वारसा दोघांचा असल्याने विक्रीलाही दोघांची संमती लागेल.

कराबद्दल एवढेच. घरगुती वापराच्या जंगम वस्तूंना भांडवली नफ्यातून जी सूट असते, तिच्यातून चित्रे व कलाकृती वगळलेल्या आहेत, म्हणून पाने चांगल्या किमतीला गेली तर नफ्यावर कर येईल. वारसाने आलेल्या वस्तूच्या बाबतीत आधीच्या मालकाचा काळही धरला जातो आणि वस्तू १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवसाचे रास्त बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून घेता येते. ते मूल्य लेखी काढून घ्यावे. पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्याची चिंता नको, चित्रांना तो शंभर वर्षांनंतर लागू होतो.


प्रश्नकर्ती : पूर्णाकाठ (परभणी)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. भावाला हे सर्व वाचून दाखवले आणि व्यापाऱ्यांना आम्ही नकार कळवला. अंकांची यादी सुरू केली आहे. सुटे अंक मोजताना मधले जोडपान नसलेले बरेच अंक निघाले, त्यामुळे ती तपासणी किती आवश्यक होती हे लगेच पटले.

पानांबाबत एक आनंदाची बातमी आहे. चारपैकी तीन पाने आमच्याच ट्रंकेतल्या एका छापील अंकाशी जुळली. चौकटीचे प्रमाण दोन्हींत सारखे आहे आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडात एका चौकटीतील रथाच्या चाकावर पांढऱ्या रंगाखाली आधीचे, थोडे मोठे चाक स्पष्ट दिसते. छापील अंकात ते नाही. चौथे पान मात्र त्या अंकात नाही आणि त्यातली पात्रेही वेगळी वाटतात. अंकात चित्रकाराचे नाव छापलेले आहे. ते मी येथे देत नाही, कारण त्यांच्या घरच्यांशी आधी बोलावे असे आम्हा दोघांना वाटते. त्यांच्या कुटुंबाशी व प्रकाशकांशी संपर्क करताना काय लिहावे आणि पाने दाखवण्यासाठी पुण्या-मुंबईला पाठवण्याची वेळ आली तर ती कशी पाठवावीत, एवढेच आता विचारायचे आहे.


उत्तर : जुनी पाने (छत्रपती संभाजीनगर)

ताई, रथाच्या चाकाचे वाचून फार समाधान वाटले. त्या एका चौकटीचे तिरप्या उजेडातले आणि छापील अंकातले अशी दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवून जपा. पुढे कोणीही विचारले तरी तेवढा पुरावा बोलका आहे.

पत्र प्रकाशकांना आणि कुटुंबाला, दोघांनाही लिहा आणि त्यात विक्रीचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करू नका. काका कोणत्या खात्यात व कोणत्या काळात काम करत होते, पाने कशी सापडली आणि कोणत्या अंकाशी जुळली, हे आधी सांगा. मग त्या काळी चित्रकाराला पाने परत करण्याची पद्धत होती का आणि वापरून झालेली पाने छापखान्याकडेच राहत का, हे विचारा. उत्तर लेखी मागा. कुटुंबाने पाने परत मागितली किंवा एखादे पान आठवण म्हणून हवे म्हणाले, तर तो विचार तुम्ही आणि भावाने आधीच करून ठेवलेला बरा. माझ्या मते चौथे पान तूर्त कोणालाही विकू नये. ते कोणत्या कथेतले आहे हे कळल्याशिवाय त्याची किंमत सांगणारा माणूस अंदाजच सांगेल.

पाठवण्याबाबत म्हणाल तर शक्यतो पाठवूच नका. आधी छायाचित्रे पाठवा आणि गरज पडल्यास स्वतः रेल्वेने घेऊन जा. पाठवावीच लागली तर गुंडाळी करून नळीत घालू नका, शाई आणि पांढरा रंग तडकतो. प्रत्येक पान पॉलिएस्टरच्या पाकिटात, दोन आम्लरहित पुठ्ठ्यांच्या मध्ये आणि त्याबाहेर पानापेक्षा चार बोटे मोठे असे दोन कडक पुठ्ठे, ज्यांच्या आतल्या रेघा एकमेकांना आडव्या येतील, असे बांधा, म्हणजे ते वाकत नाहीत. पावसाळा जवळ आला आहे, तेव्हा सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे आवरण हवेच. स्पीड पोस्टने विमा उतरवून पाठवा आणि बांधताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवा.